वाचनाचे नियम आपणच घातलेले, मग पळवाट दिसली की काय करायचं?

पूर्णा_जंक्शन

नमस्कार मंडळी. एक गोष्ट डोक्यात घोळायलीय, लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

या वर्षी मी स्वतःपुरता एक वाचनाचा संकल्प केलाय. वर्षाला चोवीस पुस्तकं, त्यातली आठ मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या लेखकांची, जिल्ह्याला एक, बाकी सोळा कुठलीही. नियम जानेवारीतच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की आधी वाचलेलं पुस्तक धरायचं नाही, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं, एक पुस्तक एकाच खान्यात जाणार, आणि निम्मी तरी पुस्तकं वाचनालयातली किंवा घरच्या कपाटात न वाचता पडलेली असली पाहिजेत. कुणी सांगितलेलं नाही, कुणी तपासणार नाही, बक्षीस तर नाहीच. पण मला हे मनापासून नीट पार पाडायचंय, कारण नोकरी लागल्यापासून वाचन इतकं तुटक व्हायलं होतं की पुस्तक उघडलं की दहा पानांत हात मोबाईलकडं. या वहीमुळं ते परत सुरू झालंय. मराठवाडा एक्सप्रेसमध्ये खिडकीची जागा मिळाली की परभणी ते जालना चांगलं वाचून होतं.

आता प्रश्न. सात जिल्हे भरले, हिंगोलीचा खाना रिकामा. आणि आत्ताच वाचनालयातून आणलेलं नरहर कुरुंदकरांच्या लेखांचं एक पुस्तक वाचून संपलं. कुरुंदकर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नांदेडच येतं, पीपल्स कॉलेज येतं, ते तिथं प्राचार्य होते. पण आडनावच सांगतंय की गाव कुरुंदा, आणि कुरुंदा वसमत तालुक्यात, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्यात. नांदेडचा खाना आधीच भरलाय. हे पुस्तक हिंगोलीत लिहिलं की आठही जिल्हे पूर्ण, कागदोपत्री खोटं काही नाही. पण कुरुंदकर गेले १९८२ ला आणि हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्यांच्या हयातीत कुरुंदा परभणी जिल्ह्यातच होतं.

माझा नियम फक्त एवढाच, "त्या जिल्ह्यातला लेखक". त्यात काही फोड केलेली नाही. वहीत अजून नोंद केली नाही, पेन हातात घेऊन थांबलोय. तुम्ही असता तर कुठल्या खान्यात लिहिलं असतं आणि कशावरून ठरवलं असतं?

वाचनवेडी_जालना

बिनधास्त हिंगोली. जिल्हा नंतर झाला हा मुद्दाच मला पटत नाही. आमचा जालना १ मे १९८१ ला झाला, त्याच्या आधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो, मग काय आमच्याकडचे आधीचे सगळे लेखक तिकडं देऊन टाकायचे? नकाशा आजचाच धरायचा. नाहीतर निजामाच्या काळातल्या लेखकाला कुठल्या खान्यात बसवणार तुम्ही?

मुक्काम_उदगीर

ताईंशी सहमत, नकाशा आजचाच. आमचा लातूर पण १९८२ चा, उस्मानाबादमधून निघालेला. ते सोडा.

पण पूर्णाभाऊ, खरा पेच तारखेचा नाही, तो गाव धरायचं की कर्मभूमी धरायची याचा आहे. मला एक सांगा, लातूरच्या खान्यात तुम्ही काय लिहिलंय?

पूर्णा_जंक्शन

लातूरला एक कथासंग्रह. लेखकाचं मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातलं, पण सगळी नोकरी लातूरच्या कॉलेजात, घर तिथंच, कथाही तिकडच्याच.

मुक्काम_उदगीर

मग उत्तर तुमच्या वहीतच आहे की. लातूरला तुम्ही कर्मभूमी धरली. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, काही अडलं नव्हतं, सहज धरली, म्हणजे तुमच्या मनात "त्या जिल्ह्यातला" याचा अर्थ तोच होता. आता हिंगोलीला मूळ गाव धरायचं असलं तर खुशाल धरा, पण मग लातूरचं पुस्तक त्या खान्यातून काढावं लागेल, आणि बाकीचे सहाही परत तपासावे लागतील. तुम्ही तसं करणार असलात तर माझं काहीच म्हणणं नाही. एका जिल्ह्याला एक अर्थ आणि दुसऱ्याला दुसरा, हे मात्र नको.

मी स्वतः गेली काही वर्षं असे संकल्प करतो आणि एकच कसोटी लावतो. नियमाचा जो अर्थ आत्ता माझ्या फायद्याचा आहे, तोच अर्थ जिथं मला तोटा करतो तिथंही मी लावेन का? लावणार असेन तर तो अर्थ खरा. नुसतं "नियमात बसतंय" म्हणून चालत नाही, कारण नियम आपणच लिहिलेला असतो आणि कुठं ढिला आहे हे आपल्यालाच पक्कं माहीत असतं.

वाचनवेडी_जालना

हे मात्र पटलं. लातूरचं मला माहीत नव्हतं. माझं "बिनधास्त" मागं घेते.

तेरणाकाठ

मला जरा वेगळं वाटतं, राग मानू नका कुणी.

धाराशिवला आमच्या कॉलनीत बायकांची भिशी आहे, त्यात आम्ही पैशांसोबत पुस्तक पण फिरवतो. ज्या महिन्यात जिचा नंबर लागतो तिनं एक पुस्तक आणायचं आणि ते पुढं फिरत राहायचं. सुरुवातीला एकीनं लई कडक नियम केले होते, महिन्यात पूर्ण झालंच पाहिजे, अर्धवट चालणार नाही, पुढच्या भिशीत सांगायचंच. काय झालं, ज्यांना घरात लहान लेकरं, सासू-सासरे आजारी, त्यांनी भिशीला येणंच कमी केलं. पुस्तक झालं नाही हे चारचौघीत सांगायची लाज वाटायची. एक-दोघी न वाचताच "छान आहे" म्हणायला लागल्या. म्हणजे कडक नियमानंच खोटं बोलायला लावलं ना? मग आम्ही बदललं. आता फक्त कुठवर आलीस ते सांगायचं, पान नंबर सांगितला तरी पुरे. आणि तेव्हापासून बायका खरं सांगायलेत. "मी तीस पानंच वाचली, पुढं मन लागंना" असं मोकळेपणानं म्हणतात, आणि त्यावरूनच लई चांगल्या गप्पा होतात, मन का लागलं नाही यावर.

म्हणून मला वाटतं नियम जरा सैल असलेला बरा. हौसेच्या गोष्टीला कोर्टाची पायरी कशाला?

मुक्काम_उदगीर

तेरणाताई, तुमच्या भिशीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे असं मला वाटतं. तुम्ही नियम सगळ्यांसमोर बदलला आणि तो पुढच्या महिन्यापासून लागू केला. न वाचता "छान आहे" म्हणणाऱ्या बायकांनी पण नियम सैलच केला होता, पण मनातल्या मनात. सैल-कडकवरून माझं भांडण नाही.

तेरणाकाठ

हो, असं मांडलं तर मान्य. पण एक ध्यानात घ्या, भिशीत समोर माणसं असतात. एकट्याच्या वहीत सगळ्यांसमोर म्हणजे कुणासमोर?

गोदातीर_गंगाखेड

तेरणाताईंचा प्रश्न मोठा आहे. मी वयानं तुम्हा सगळ्यांहून मोठा असेन, मला पारायणाचं सांगावं वाटायलंय.

आमच्याकडं दरसाल सप्ताह असतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. अठरा अध्याय, नऊ हजाराच्या वर ओव्या, दिवस सात, म्हणजे दिवसाला तेराशेच्या आसपास ओव्या येतात. शेवटचा अठरावा अध्याय एकटाच अठराशेच्या आसपास आहे. व्यासपीठावर चालवणारे महाराज बसतात, त्यांच्या सुरात सगळी ओळ वाचत जाते. आता शंभर माणसं बसली की सगळ्यांची गती एक कशी असणार? कुणाला चष्मा लागतो, कुणी शाळा चौथीपर्यंतच शिकलेलं. मागं पडलेला माणूस काय करतो, तर शेजारच्याचं पान बघतो आणि तिथवर उलटतो. कुणाच्या ध्यानात येत नाही. आरतीला सगळ्यांची पोथी एकाच पानावर असते.

पण आमच्या ओळीत एक म्हातारी बसायची. ओवीखाली बोट ठेवून वाचायची, रोज मागं पडायची. आरतीला उठायची, पान उलटायची नाही, खूण घालून ठेवायची, आणि जेवणं झाल्यावर देवळात येऊन राहिलेल्या ओव्या एकटी वाचून काढायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. महाराजांनी उलट तिला म्हटलं होतं, मावशी, सोबत चला, देवाला सगळं पोचतं. तिचं उत्तर एवढंच होतं की पोचत असेल, पण मी वाचलं नाही ना. एकट्याच्या वहीत कुणासमोर, तर मला ती मावशी आठवते.

दुसरी गोष्ट. आपल्या पैठणच्या नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली शके १५०६ ला, म्हणजे इ.स. १५८४. लोकांनी नकलताना आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या, पाठ बिघडला होता. नाथांनी तो सुधारला आणि शेवटी स्वतः लिहून ठेवलं की कुठल्या शकात, कुठल्या संवत्सरात, कुणी शुद्ध केली. घुसडणाऱ्यांनी पण बदलच केला होता आणि नाथांनी पण. घुसडणाऱ्यानं नाव-तारीख घातली नाही. पूर्णाभाऊ, नियम बदलायचाच असला तर वहीत खाली तारीख घालून बदला, जुनी ओळ खोडू नका, तिच्यावरून नुसती एक रेघ मारा म्हणजे खालचं दिसत राहील.

पूर्णा_जंक्शन

काका, हे फार कामाचं सांगितलंत. जुनी ओळ दिसत राहिली पाहिजे, हे आजपासून पक्कं.

याच्यावरून आठवलं, ॲपवर नेमकं उलट होतं. गुडरीड्सवर वर्षाचा आकडा मधेच कधीही बदलता येतो. पन्नासचे तीस केले तरी डिसेंबरात पट्टी पूर्ण भरलेली दिसते, आधी पन्नास होते हे बघणाऱ्याला कळत नाही. सोय म्हणून ठीक आहे, माणसाला अडचणी येतात. पण म्हणूनच मी वही धरली.

कानानं_वाचणारी

मी बरेच दिवस नुसती हा मंच वाचते, म्हणजे स्क्रीन रीडरवर ऐकते. आज लिहावं वाटलं. मला लहानपणापासून फार कमी दिसतं. नांदेडला असते.

पूर्णा सरांनी "पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं" हा नियम लिहिलाय. अशा संकल्पांच्या ठिकाणी कुणीतरी हमखास म्हणतं की ऑडिओबुक धरायचं नाही, ते ऐकणं आहे, वाचणं नाही, ती पळवाट आहे. इथं अजून कुणी म्हटलेलं नाही, पण दुसरीकडं मी खूपदा ऐकलंय. मला त्यावर बोलायचंय, कारण माझ्यासाठी दुसरा रस्ताच नाही. ब्रेल मी शिकलेय, भारती ब्रेल १९५१ पासून आहे, पण मराठीतलं नवं पुस्तक ब्रेलमध्ये हातात पडणं सोपं नाही. म्हणून एक तर रेकॉर्ड केलेलं ऐकते, नाहीतर पुस्तक स्कॅन करून मशीनकडून वाचून घेते. त्यात जोडाक्षरं तुटतात, रफार भलतीकडं जातो, "पूर्व" चं काहीतरी वेगळंच होतं, मग वाक्य परत लावून अंदाज करावा लागतो. ही पळवाट नाही हो. कधीकधी डोळ्यांनी वाचणाऱ्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो.

पण ऐकण्यात फसवणूक होऊ शकते, हेही मी मान्य करते, आणि ती माझी मलाच कळते. डोळे मिटले, झोप लागली, आवाज चालूच राहतो आणि प्रकरण संपतं. डोळ्यांनी वाचताना झोप लागली तर पान पुढं जात नाही, पण ऑडिओ पुढं जातो. म्हणून माझा नियम असा की शेवटचं जे वाक्य मला नक्की आठवतं तिथं परत जायचं, कितीही मागं असलं तरी. आणि वेग मी दीडपटीच्या वर नेत नाही, कारण त्याच्यावर मला फक्त कथानक कळतं, भाषा कळत नाही. दुसऱ्या कुणाचा कान तयार असेल तर त्यानं दुप्पट वेगानं ऐकावं, तो त्याचा नियम.

मला एवढंच म्हणायचंय की प्रामाणिकपणा साधनात शोधू नका. कागद, स्क्रीन, कान, काहीही असू दे. शब्द तुमच्यापर्यंत पोचले का ते विचारा.

गोदातीर_गंगाखेड

बाई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. जिथं वाक्य आठवतं तिथं परत जायचं, हे मी पारायणाला बसणाऱ्यांना सांगणार आहे.

वाचनालय_खिडकी

मी अंबाजोगाईकडं एका छोट्या शासनमान्य वाचनालयात देवघेव बघते. चोवीस पुस्तकं, पन्नास पुस्तकं असं ठरवून येणारे वाचक आता वाढलेत, चांगलंच आहे, पण खिडकीतून मला काय दिसतं ते सांगते.

वर्षाच्या शेवटी जाड पुस्तकं हलत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात लोक पुस्तक हातात घेऊन आधी शेवटचं पान उघडतात, पानांचा आकडा बघायला. त्यात गैर काही नाही, बारीक पुस्तकं पण चांगली असतात, कवितासंग्रह सत्तर-ऐंशी पानांचाच असतो आणि तो महिनाभर पुरतो. पण ज्या वाचकाला मनातून ती मोठी कादंबरी हवी असते, मार्चपासून तो तिच्यापाशी घुटमळतो, आणि आकड्यापायी नेत नाही, त्याचं मला वाईट वाटतं. नियम मोडला नाही त्यानं. पण ज्या वाचनासाठी नियम केला तेच राहून गेलं.

कुणी म्हणेल मग पानं मोजू. पानांचंही सांगते. तोच मजकूर क्राउन आकारात छापला तर पानं वाढतात, डेमीत छापला तर कमी होतात. अक्षर चौदा पॉइंटचं असलं, ओळींत मोकळी जागा सोडली की अजून वाढतात. एकाच कादंबरीच्या दोन आवृत्त्या आमच्याकडं आहेत, दोन्हींच्या पानांत भरपूर फरक. म्हणून पानांचा नियम करणाऱ्यानं आवृत्ती कुठली तेही लिहावं.

आणि "शेवटपर्यंत" मध्ये परिशिष्टं, नामसूची, संदर्भसूची धरू नका बरं का. सूची ही शोधण्यासाठी असते. प्रस्तावना मात्र सोडू नका, आधी नको वाटली तर शेवटी वाचा. आपल्याकडं काही संपादित ग्रंथांना प्रस्तावना मूळ मजकुराइतकी मोलाची असते, आणि लोक तीच उलटून टाकतात.

बीडच्या खान्यात काय लिहिलंय पूर्णाभाऊ? आमचे मुकुंदराज का?

पूर्णा_जंक्शन

खिडकीताई, बीडला आजकालचे एक कथाकार घेतले. मुकुंदराजांचा विचार केला होता, शके १११० चा ग्रंथ, म्हणजे ११८८, आणि समाधी अंबाजोगाईची. पण विदर्भातले अभ्यासक त्यांना आंभोऱ्याचं मानतात, वाद जुना आहे. वादाचं नाव घेऊन खाना भरायला नको वाटलं. सूचीचं तुमचं म्हणणं वहीत तारीख घालून लिहितो, ते मी ठरवलंच नव्हतं.

वाचनालय_खिडकी

वाद असू द्या, वाचा मात्र एकदा. खान्यात नाही टाकलं तरी चालेल.

कोरडवाहू

माझा संकल्प पाडवा ते पाडवा असतो. जानेवारी-डिसेंबर आम्हाला बसत नाही. मृग लागला की पेरणीची धावपळ, मग फवारणी, दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन काढणीला येतं, मळणी होऊन माल घरात किंवा मोंढ्यात पडेपर्यंत पुस्तकाला हात लागत नाही, आणि पाऊस आडवा आला तर झोप पण लागत नाही. वाचन खरं होतं ते संक्रांतीच्या पुढं, उन्हाळ्यात दुपारभर. सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं, माझी वही पण तशीच.

मी काढणीचे दिवस वहीत "बंद" लिहितो. बंदच्या काळातलं काही धरत नाही आणि मागं राहिलो म्हणून नंतर भरून पण काढत नाही. पण हे "बंद" पेरणीच्या आधी लिहून ठेवायचं. वाचायचा कंटाळा आलेल्या दिवशी "बंद" लिहायचं नाही. कंटाळा आला तर कंटाळा लिहायचं, त्यात काय एवढं.

वाचनवेडी_जालना

कोरडवाहू भाऊ, कंटाळा लिहायचा हे फार आवडलं. माझ्या वहीत आजपासून "सोडलं" असा एक खाना करणार आहे, कुठल्या पानावर सोडलं आणि का. मोजायचं नाही, पण लपवायचं पण नाही.

गुरुजी_कळमनुरी

मी उशिरा आलो, पण हिंगोली जिल्ह्याचं नाव निघालंय म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

आधी शाळेचं सांगतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, कलाम साहेबांची जयंती. त्या निमित्तानं मी सहावीच्या वर्गात तक्ता लावला होता, कुणी किती पुस्तकं वाचली त्याच्या चांदण्या. आठवड्यात मुलं चार-चार पानांची चित्रांची पुस्तकं आणायला लागली, पहिलीच्या वर्गातून मागून. एकाच पुस्तकाच्या दोघांना चांदण्या, एकानं वाचलं आणि दुसऱ्यानं ऐकलं. मुलांचा दोष अजिबात नव्हता, तक्त्यानं जे मागितलं ते त्यांनी दिलं. एका मुलीनं मात्र स्वतःच्या नावापुढं पेन्सिलीनं अर्धी चांदणी काढली. विचारलं तर म्हणाली, सर, अर्धंच वाचलंय, पुढं भीती वाटायली. भुताची गोष्ट होती. तिचं बघून बाकीच्यांनी पण अर्ध्या, पाव चांदण्या काढायला सुरुवात केली, काहींनी आधीच्या पूर्ण चांदण्या स्वतःहून खोडल्या. मी काही बोललो नव्हतो. मुलांना खरं लिहायला जागा हवी होती, तक्त्यात ती जागाच नव्हती, तिनं करून घेतली.

आता तुमचा प्रश्न. पूर्णाभाऊ, हिंगोलीला संत नामदेव घ्या ना. नर्सी नामदेव आमच्याच जिल्ह्यात, गावाच्या नावातच नामदेव आहेत. यापेक्षा मोठा हिंगोलीचा लेखक कोण दाखवणार?

मुक्काम_उदगीर

गुरुजी, नामदेवांबद्दल मनात आदरच आहे. पण आपण आत्ताच कर्मभूमी धरायचं ठरवलं. त्या हिशेबानं नामदेव पंढरपूरचे, आणि पुढं पंजाबातल्या घुमानचे. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, एवढा मोठा काळ तिकडचा. शिवाय काही जण जन्मही पंढरपूरचाच मानतात. कुरुंदकरांना जो न्याय लावला तोच इथं लावला पाहिजे.

गुरुजी_कळमनुरी

पटतंय, पण मनाला लागतंय. नर्सीच्या माणसाला हे ऐकायला जड जाणार.

तेरणाकाठ

बघा, म्हणून मी म्हणत होते. असं करत करत हिंगोलीला कुणी उरणारच नाही आणि पूर्णाभाऊंचा संकल्प अपुरा राहणार. अपुरा राहिला तर चालेल का तुम्हाला, पूर्णाभाऊ? हे मात्र तुम्ही अजून सांगितलं नाही.

पूर्णा_जंक्शन

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं. दोन दिवस त्याच्यावर विचार केला.

चालेल. हिंगोलीचा खाना रिकामा राहिला तर "रिकामा" लिहीन. मी हा आठ जिल्ह्यांचा नियम का केला होता ते परत आठवून पाहिलं. परभणी, नांदेड, संभाजीनगरचे लेखक मी वाचतच होतो, त्यासाठी नियमाची गरज नव्हती. ज्या भागातलं मी काहीच वाचलं नाही तिथं मला नियमानं ढकलावं म्हणून तो केला. कुरुंदकर मी कॉलेजपासून वाचतो. त्यांचं न वाचलेलं पुस्तक वाचलं, आनंद झाला, पण त्यानं हिंगोलीची माझी ओळख तसूभर वाढली नाही. ते पुस्तक मी कुठल्याही जिल्ह्यात न टाकता बाकीच्या सोळांत लिहिलंय, आज सकाळी, शाईनं. नियमाखाली तारीख घालून ओळ लिहिली की लेखक जिथं राहून लिहितो तो जिल्हा, नकाशा आजचा. सातही खाने त्यानुसार तपासले. परभणीचा एक डळमळीत निघाला, लेखक आता पुण्यात राहतात, पण ते पुस्तक परभणीला असतानाच लिहिलेलं आहे, प्रस्तावनेत तसं आहे, म्हणून ठेवला. कुणाला हे पटत नसेल तर सांगा.

आणि गुरुजी, तुम्हालाच विचारतो, हिंगोली जिल्ह्यात राहून लिहिणारं कुणीतरी असणारच. माझ्यापर्यंत पोचलं नाही एवढंच.

मुक्काम_उदगीर

परभणीचं पटतं. पुस्तक लिहिताना जिथं होते ते ठिकाण.

गुरुजी_कळमनुरी

असणार काय, आहेतच. जिल्हा परिषदेच्या शाळांतले किमान काही शिक्षक मला माहीत आहेत ज्यांचे कवितासंग्रह, कथासंग्रह निघालेत, स्वतःचे पैसे घालून किंवा छोट्या प्रकाशनाकडून. पाचशे प्रती छापतात, निम्म्या ओळखीत वाटल्या जातात, पुस्तकांच्या दुकानापर्यंत जातच नाहीत. आमच्या इथल्या वाचनालयात अशा पुस्तकांचं एक कपाट आहे, वर "स्थानिक लेखक" अशी चिठ्ठी लावलेली. ते कपाट फारसं कुणी उघडत नाही. त्यात सेनगावकडच्या एका लेखकाचा कथासंग्रह आहे, हळदीच्या शेतातल्या मजुरांच्या कथा, वसमतच्या मोंढ्यातली हळदीची बोली लागते ती एका कथेत अशी उतरलीय की मी दोनदा वाचली. नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला मेसेज करतो.

एकच अडचण, प्रत एकच आहे आणि ते कपाट देवघेवीत नाही. तिथंच बसून वाचावं लागेल.

पूर्णा_जंक्शन

मग तिथंच बसून वाचतो. वाचनालयातलं असल्यामुळं तो पण नियम बसतो. रविवारी उघडं असतं का?

गुरुजी_कळमनुरी

रविवारी नाही. शनिवारी सकाळी या, मी किल्ली मागून ठेवतो कपाटाची. एका बैठकीत होणार नाही, मोठा संग्रह आहे.

पूर्णा_जंक्शन

तर दोन शनिवार येतो.

वाचनालय_खिडकी

गुरुजी, त्या लेखकाला विचारा की अजून प्रती घरी आहेत का. आम्हाला दोन पाठवा, बिल करून देते. आमच्याकडं देवघेवीत ठेवीन.

कानानं_वाचणारी

आणि गुरुजी, लेखकांची परवानगी असेल तर मला त्यातली ती मोंढ्याची कथा कुणी वाचून रेकॉर्ड करून देईल का? पूर्ण संग्रह मिळाला तर फारच छान, पण सुरुवात एका कथेनं केली तरी चालेल.

गुरुजी_कळमनुरी

विचारतो आजच. परवानगी मिळाली तर पूर्ण संग्रहच रेकॉर्ड करू, सहावीची मुलं आणि मी मिळून. फक्त आमच्याकडची बोली जशीच्या तशी येईल, चालेल ना बाई?

कानानं_वाचणारी

तशीच पाहिजे.